पाय मोकळे करायला

आईचे एक जुने वाक्य आहे : "जरा पाय मोकळे करून येते." संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास घरात हे वाक्य उच्चारले जाई आणि पाठोपाठ दारात चपला वाजत. नारायण पेठेतल्या आमच्या घरातून ती निघे, लक्ष्मी रस्ता ओलांडून तुळशीबागेत रामाचे दर्शन घेई, तशीच पुढे मंडईत शिरून कोथिंबिरीची एखादी जुडी घेई आणि दिवेलागणीला परत येई. कोथिंबीर हे निमित्त असे. खरे काम पाय मोकळे करण्याचे. मराठीतला हा वाक्प्रचार मला फार समजूतदार वाटत आला आहे. दिवसभराच्या कामाने पाय बांधले जातात आणि ते सोडवायला रस्त्यावर जावे लागते, असे त्यात गृहीत आहे. रस्ता मोकळा असेल हेही त्यात गृहीत आहे. ते सांगण्याची गरज वाक्प्रचार घडवणाऱ्यांना भासली नाही.

११ डिसेंबर २०२१ या दिवशी पुणे महापालिकेने 'पादचारी दिन' साजरा केला आणि लक्ष्मी रस्त्याचा एक भाग वाहनांसाठी दिवसभर बंद ठेवला. शनिवार होता. आई तेव्हा शहात्तर वर्षांची होती आणि तिचे लक्ष्मी रस्त्यावर जाणे जवळजवळ थांबले होते. मी तिला आग्रहाने घेऊन गेले. रस्त्याच्या तोंडाशी अडथळे लावलेले, पलीकडे माणसेच माणसे. आई पदपथाच्या कडेला येऊन थांबली. समोर एकही वाहन नव्हते, तरी तिने सवयीने उजवीकडे पाहिले, डावीकडे पाहिले आणि मला विचारले, "उतरू का खाली?"

उतरल्यावर मात्र ती रस्त्याच्या अगदी मधोमध चालू लागली. पन्नासएक पावलांनंतर थांबली आणि मान वर करून म्हणाली, "अगं, इथे वर अजून लाकडी गॅलरी आहे!" दुकानांच्या पाट्यांच्या वर एका जुन्या इमारतीचा सज्जा दिसत होता. ज्या रस्त्याने ती चाळीस-पंचेचाळीस वर्षे ये-जा करत होती, त्याचा पहिला मजला तिला त्या दिवशी पुन्हा भेटला. मला कळले की गेली कित्येक वर्षे आई हा रस्ता खाली मान घालून चालत होती. पुढचे पाऊल कुठे पडणार, मागून काय येणार, पदपथावर चढवलेल्या दुचाकीचे हँडल कुठे टोचणार, एवढेच तिच्या वाट्याला आलेले शहर होते. मान वर करणे ही चैन असते, आणि मागून कोणी येत नाही याची खात्री असल्याशिवाय ती कोणाला परवडत नाही.

अर्ध्या तासाने मागून हॉर्न वाजला. मोठा नाही, अगदी सौम्य, घरगुती म्हणावा असा. एका गृहस्थांनी गल्लीच्या तोंडाचा अडथळा थोडा सरकवून स्कूटर आत आणली होती. "आजी, जरा बाजूला," ते म्हणाले आणि माझ्या कपाळावरची आठी पाहून त्यांनी जोडले, "दोनच मिनिटं. इथंच दुकानात जायचंय." त्यांच्या स्वरात उद्धटपणा नव्हता. आई बाजूला झाली, पदपथावर चढली आणि मी कितीही म्हटले तरी पुन्हा खाली उतरली नाही. परत येईपर्यंत तिची मान खालीच होती.

त्या दिवशीचा हा हिशेब मी अजून मांडते आहे. दिवसभरात हजारो वाहने त्या रस्त्यावर आली नाहीत. एक आले. कोणत्याही वाहतूक तज्ज्ञाच्या कोष्टकात हे यश ठरेल. पण निश्चिंतपणा टक्केवारीत मोजता येत नाही. रस्त्यावर एक वाहन येऊ शकते, एवढे कळले की चालणारा पुन्हा पहाऱ्यावर उभा राहतो. आईने धरलेले माझे बोट सोडले होते, ते तिने पुन्हा धरले. लहान मुलांच्या आयांनीही तेच केले असणार. त्या गृहस्थांनी दोन मिनिटे घेतली असे त्यांना वाटले. त्यांनी घेतली ती रस्त्यावरच्या सगळ्यांची दुपार.

'दोनच मिनिटं' या शब्दप्रयोगाचा खरे तर भाषेच्या अभ्यासकांनी विचार करावा. त्यात कालवाचक अर्थ जवळजवळ नाही. दोन मिनिटांत साडी घेता येत नाही, पाकातले पदार्थ बांधून घेता येत नाहीत, मंगळसूत्राची दुरुस्ती होत नाही, हे बोलणाऱ्याला माहीत असते आणि ऐकणाऱ्यालाही. 'मी नियम मोडतो आहे हे मला ठाऊक आहे, पण मी नियम मोडणारा माणूस नाही,' असा त्याचा अर्थ. 'च' हा एवढासा अव्यय त्यात मोठे काम करतो. तो गुन्हा लहान करतो आणि हरकत घेणाऱ्याला क्षुद्र ठरवतो. दोन मिनिटांसाठी कोण भांडत बसणार?

आणि आपण गाडी 'लावतो'. या क्रियापदाची मराठीतली सोबत पाहा. दिवा लावतो, झाड लावतो, कुंकू लावतो, जीव लावतो. बहुतेक ठिकाणी काही उजळते, रुजते, जोडले जाते. गाडी लावणाऱ्याच्या मनात कदाचित तसाच काही मंगल भाव असतो. एवढ्या गर्दीत जागा मिळाली याचे समाधान त्याच्या चेहऱ्यावर दिसते. पण याच क्रियापदाची आणखी एक सोबत आहे : दार लावतो. पदपथाच्या उतारावर, वाड्याच्या बोळाच्या तोंडाशी, चालण्याच्या रस्त्याच्या मधोमध लावलेली गाडी ही त्या अर्थाने लावलेली असते. ज्याचे पाय घट्ट आहेत तो वळसा घालून जातो. ज्याला वळसा झेपत नाही त्याच्यापुरते शहराचे ते दार बंद होते.

हे लिहिण्याचा मला कितपत अधिकार आहे, हा प्रश्न इथे टाळता येत नाही. पादचारी दिनाच्या आधीची गोष्ट आहे. महाविद्यालयात तपासलेल्या उत्तरपत्रिका पोचवायच्या होत्या, त्याआधी एका पुस्तकाच्या दुकानात डोकवायचे होते. मी माझी स्कूटर एका बोळाच्या तोंडाशी लावली. दोनच मिनिटे. पुस्तकांच्या दुकानात मिनिटांचे काय होते, हे या मजकुराच्या वाचकांना सांगायला नको. परत आले तेव्हा स्कूटरच्या पलीकडे एक वृद्ध बाई उभ्या होत्या. एका हातात काठी, दुसऱ्या हातात औषधांची पिशवी. स्कूटर आणि भिंत यांच्यामध्ये जी फट उरली होती तीतून त्यांना जाता येत नव्हते, आणि काठी घेऊन स्कूटर हलवणे शक्य नव्हते. मी घाईघाईने क्षमा मागू लागले. त्यांनी माझ्याकडे पाहिलेही नाही. "आत जायचं होतं," एवढे म्हणाल्या आणि गाडी सरकताच आत गेल्या. त्यांनी रागवायला हवे होते. रागावल्या असत्या तर मला काही उत्तर देता आले असते. त्या एका वाक्यात तक्रार नव्हती, भूतकाळ होता. त्या किती वेळ उभ्या होत्या हे मी विचारले नाही. आकडा ऐकण्याची माझी तयारी नव्हती. नंतर अडथळा सरकवणाऱ्या गृहस्थांवर मी संतापले, तेव्हा माझ्या संतापात त्या बाईंचा काही वाटा होता.

म्हणून हा 'ते लोक' आणि 'आपण' यांच्यातला झगडा आहे असे मला म्हणता येत नाही. मध्यवस्तीतल्या दुकानदारांची भीतीही मी समजू शकते : गाडी दारापर्यंत आली नाही तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल. कोपनहेगनच्या मुख्य बाजाररस्त्यावर १९६२ साली वाहने बंद झाली, तेव्हा तिथल्या व्यापाऱ्यांनाही हीच भीती होती. तो रस्ता आज त्या शहराची ओळख आहे. पाठीवर चौकोनी पिशवी घेऊन घड्याळाशी झुंजत धावणारा घरपोच सेवेतला मुलगा बेपर्वा असतो की त्याचा वेळ दुसऱ्या कोणी विकलेला असतो, हेही विचारावे लागते. पण या सगळ्या कारणांची किंमत जो चुकवतो, त्याचे त्यात काहीच नसते.

याचे सर्वांत क्रूर उदाहरण म्हणजे पदपथांवरचे खुंट. दुचाकी चढू नयेत म्हणून पदपथांच्या तोंडाशी दगडी किंवा लोखंडी खुंट रोवतात. खुंटांमध्ये अंतर जास्त ठेवले तर स्कूटर आत शिरते. कमी ठेवले तर चाकाची खुर्ची अडते. म्हणजे ज्याला उताराची सर्वाधिक गरज आहे त्याचीच वाट, दुसऱ्या कोणाला थोपवण्यासाठी बंद होते. खुंट रोवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. बेशिस्त एकाची असते, बंदोबस्त दुसऱ्याचा होतो.

नियम नाहीत असेही नाही. पदपथावर वाहन चालवू नये, लावू नये, हे मोटार वाहन कायद्याखालच्या नियमांत स्पष्ट आहे. पुणे महापालिकेने २०१६ साली पादचारी धोरण स्वीकारले, त्यानंतर जंगली महाराज रस्त्यावर ऐसपैस पदपथ झाले. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पादचाऱ्यांचा पदपथ वापरण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदाचा, म्हणजे जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. ही बातमी मी आईला वाचून दाखवली. ती म्हणाली, "जगण्याचा आहेच. पण कोपऱ्यावरच्या त्या गाडीवाल्याने वाचलंय का?"

वास्तविक चालण्याला एवढे मोठे स्थान देणारी संस्कृती शोधून सापडायची नाही. आपल्याकडे भक्तीची परीक्षा पायांनी होते. दर वर्षी आषाढी वारीत ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात येतात, तेव्हा वाहने थांबतात आणि त्याबद्दल कोणी कुरकुर करत नाही. उलट वारकऱ्यांच्या पायांवर डोके ठेवायला गर्दी होते. अनंत चतुर्दशीला विसर्जनाच्या मिरवणुकीसाठी लक्ष्मी रस्ता चोवीस तासांहून अधिक काळ पायांच्या हवाली होतो. म्हणजे चालणाऱ्याला वाट देणे आपल्याला येत नाही असे नव्हे. चालणाऱ्यापुढे पताका असेल, ढोल असेल, देव असेल तर येते. औषधांची पिशवी घेऊन एकटे चालणारे माणूस समोर आले की ते विसरायला होते. त्याच्या चालण्याला कारण लागते, आणि पाय मोकळे करणे हे पुरेसे कारण वाटत नाही.

वार्धक्यात माणसाचे शहर आवळत जाते हे सगळ्यांना माहीत असते. पण ते नेहमी गुडघ्यांमुळेच आवळते असे आपण समजतो. आईच्या बाबतीत मी ते टप्प्याटप्प्याने पाहिले. आधी मंडई गेली, कारण तिथे जाताना उलट्या दिशेने येणाऱ्या दुचाकींचा नेम नसे. मग तुळशीबाग गेली. मग वाचनालय, कारण त्याच्या पायऱ्यांसमोर गाड्यांची रांग लागू लागली. मग कोपऱ्यावरचे मारुतीचे देऊळ, कारण तिथवरच्या पदपथावर दोन मोटारी कायमच्या मुक्कामाला आल्या. प्रत्येक वेळी तिने काही तरी वेगळे कारण सांगितले. आता ऊन फार असते. आता पुस्तके वाचवत नाहीत. देव काय, घरातही आहे. डॉक्टरांनी तिचे गुडघे तपासून वयाच्या मानाने ठीक असल्याचे सांगितले, तेव्हा मला या कारणांचा उलगडा झाला.

परवा संध्याकाळी साडेपाचला मी वाचत बसले होते. आई उठली. "जरा पाय मोकळे करून येते," म्हणाली. चपला वाजल्या नाहीत म्हणून मी मान वर केली. ती खोलीतून गॅलरीपर्यंत गेली, कठड्याला हात लावला आणि वळून परत आली. अशा बारा फेऱ्या तिने मोजून घातल्या. खाली आमच्या दारासमोर कोणाची तरी गाडी उभी होती. तिचे दिवे लुकलुकत होते. मालक बहुधा दोनच मिनिटांसाठी कुठे गेला असावा.