पाय बदलण्याची विद्या

काईटसर्फिंग म्हणजे वाऱ्यावर तोललेल्या मोठ्या पतंगाच्या ओढीने, पायांखाली फळी घेऊन पाण्यावरून धावणे. स्पेनच्या दक्षिण टोकाला, तारिफाच्या किनाऱ्यावर, जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून पूर्वेचा लेवांते आणि पश्चिमेचा पोनिएंते हे वारे पाळीपाळीने वाहतात, आणि तिथे हा खेळ शिकू लागणाऱ्याला बहुधा प्रथम मिळते ती ट्विन टिप नावाची फळी. तिची दोन्ही टोके सारखी असतात व पावले पट्ट्यांत बसवलेली असतात. परत फिरायचे झाले की काईट दुसऱ्या अंगाला न्यावा, फळी उलटी चालू लागते आणि मघाचे मागचे पाऊल आपोआप पुढचे होते. नवशिक्याला ही सवलत मोठीच, पण तिच्यामुळे वळण घेणे म्हणजे काय हे त्याला कळायचे राहून जाते.

ते कळते पुढच्या पायरीवर, डायरेक्शनल बोर्डवर. या बोर्डला, म्हणजे लाटांवर वापरतात त्या घाटाच्या फळीला, नाक आणि शेपूट वेगळे असते, शेपटाखाली फिन म्हणजे पाणी कापणारे पर असतात, आणि पट्टे अनेकदा नसतातच. फोमच्या गाभ्यामुळे ती स्वतःच तरंगते, म्हणून तिला काईटची ओढ कमी पुरते. ट्विन टिपच्या सवयीने अंग मागे झोकून मागच्या टाचेवर सगळा भार दिला, तर ती वाऱ्याकडे तोंड करून थबकते. खरी कसोटी मात्र जाइबची, म्हणजे वाऱ्याला पाठ देऊन घेतलेल्या वळणाची. काईट डोक्यावरून दुसरीकडे जात असताना फळीही त्याच्याबरोबर फिरवावी लागते. काईट मागे राहिला तर दोऱ्या सैल पडतात आणि ओढच नाहीशी होते. वळण संपते तेव्हा स्वार काही क्षण उलट्या पवित्र्यात, बोटांकडच्या कडेवर भार देऊन जात असतो. मग मागचे पाऊल पुढच्याच्या शेजारी येते, पुढचे अलगद मागे सरकते, आणि या अर्ध्या क्षणात गुडघे वाकलेले व नजर पुढे असावी लागते, कारण पावलांकडे पाहणाऱ्याचा तोल बहुधा पावलांपाशीच जातो.

शिकण्याचा क्रम असा, आधी ट्विन टिप आणि मग डायरेक्शनल बोर्ड; इतिहासाचा क्रम मात्र याच्या उलट आहे. फ्रान्समधील ब्रिटनीच्या ब्रुनो व डॉमिनिक लगेन्यू या भावांनी हवा भरण्याच्या काईटचे पेटंट १९८४ साली घेतले. पुढे नव्वदीच्या दशकात हवाई बेटांवर हा खेळ रुजला तेव्हा स्वारांच्या पायांखाली दिशा असलेल्याच फळ्या होत्या, आणि ट्विन टिपचा प्रसार त्यानंतर झाला. आजचा शिकाऊ जिला पुढची पायरी मानतो, ती या खेळाची मूळ वाट आहे.

आणि ती चालण्याजोगी आहे ती लाटेसाठी. लाटेच्या उतारावर फळी स्वतःच्या वेगाने धावू लागली की काईट वाऱ्याबरोबर नुसता वाहत राहतो, काईट हाकण्याच्या दांड्यावरचा, म्हणजे बारवरचा, हात सैल होतो, आणि फळी कुठे वळवायची हे आता पावलांनी ठरवायचे असते.