तुरुंगातला चौविहार



आमच्या नात्यातला एक मुलगा (मुलगा म्हणजे पन्नाशीचा) पतसंस्थेच्या प्रकरणात काही महिने येरवड्याला होता. त्याची आई माझी चुलत नणंद, आम्ही त्यांना अक्का म्हणतो. त्यांच्याबरोबर मी दोनदा मुलाखतीला गेले. हडपसरहून मुंढव्यामार्गे येरवडा काही लांब नाही, पण रिक्षात आम्ही दोघी एक शब्द बोललो नाही.

अक्कांनी आधी काय विचारावं? "चौविहार होतो का रे?"

तो हसला. "आई, तिथे संध्याकाळचं जेवण उजेडातच वाटतात, मग बराकीला कुलूप. चौविहार सगळ्यांचाच होतो." भाजीतला बटाटा बाजूला काढून तो वरण-चपाती खायचा. अक्का निश्चिंत झाल्या. मी नाही झाले. बटाट्याची चौकशी झाली, ठेवीदारांची कुणीच केली नाही, मीसुद्धा.

घरी आल्यावर मला हर्षद मेहता आठवला. तोही गुजराती जैन घरातला. 1992 साली आमच्याकडे रोज सकाळी पेपरात आधी एसीसीचा भाव बघायचे. दोनशेचा शेअर नऊ हजारांच्या घरात गेला होता आणि मी बी.कॉम. असून कुणाला विचारलं नाही की पैसा येतो कुठून. यायचा तो बँकांतून. रोखे विकले, पुढे देऊ, अशी पावती तेव्हा एक बँक दुसरीला द्यायची. तशा पावत्या रोख्यांशिवायच निघाल्या, त्यात आपल्या कराडची बँकही होती. ती बँक पुढे बुडाली. एप्रिलमध्ये सुचेता दलाल यांनी बातमी फोडली.

आपल्या प्रतिक्रमणात श्रावकाच्या व्रतांचे अतिचार येतात. त्यात कूटलेख आहे, म्हणजे खोटा कागद. न्यासापहार आहे, म्हणजे विश्वासाने ठेवलेली ठेव गिळणं. हे आपण दरवर्षी भराभर म्हणून टाकतो आणि कंदमुळाशी मात्र जास्त वेळ थांबतो, असं मला आता वाटतं.

हर्षद 2001 च्या डिसेंबरअखेरीस ठाण्याच्या तुरुंगात कोठडीत असताना गेला. वय 47. सगळे खटले संपलेही नव्हते. छातीत दुखत असताना उपचाराला तास न् तास उशीर झाला, असं त्याच्या पत्नीने नंतर लिहिलं. भाऊही तेव्हा त्याच तुरुंगात होता. दुसऱ्या भावाने, अश्विनने, पुढे स्वतः वकील होऊन वर्षानुवर्षं खटले लढवले. शिक्षा एकाला होते, पण घरातल्या बायका-मुलांच्याही आयुष्याची वर्षं त्यात जातात. हे वाचताना मला वाईट वाटलं. तसंच कराडमध्ये पैसे अडकलेल्यांचंही वाटलं, हे लिहायलाच हवं.

दुसऱ्या खेपेला अक्का जरा बाजूला झाल्या तेव्हा मी त्याला हळूच विचारलं, "सह्या न वाचता केल्यास ना रे?" मला 'हो' ऐकायचं होतं.

तो म्हणाला, "नाही मामी. वाचून केल्या."

त्या वर्षी संवत्सरीनंतर अक्का ओळखीच्या ठेवीदारांकडे मिच्छामि दुक्कडम् म्हणायला निघाल्या. सून नको म्हणत होती, लोक काय बोलतील म्हणून. मी बरोबर गेले. दोन घरी बसायला सांगितलं, पाणी दिलं. एकीने सगळ्यांसमोर पासबुक आणून अक्कांच्या मांडीवर ठेवलं. अक्कांनी ते उघडून शेवटपर्यंत वाचलं.

चौथ्या घरी बेल तीनदा वाजवली. आत टीव्ही चालू होता. अक्का जिन्यात पाच मिनिटं उभ्या राहिल्या, बंद दाराला हात जोडले आणि गुडघा धरून खाली उतरल्या.