अब्बांच्या रेडिओतली खरखर

गेल्या वर्षी रमजानच्या आधी माझी भाची एक कागद घेऊन घरी आली. ती इलेक्ट्रॉनिक्सची डिप्लोमा इंजिनिअर. गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत एका छोट्या कारखान्यात काम करते. तिथं शेतीपंपाचे मोबाइल स्टार्टर बनतात. शेतकऱ्याने घरातून फोन केला की नदीवरची मोटर चालू, पुन्हा फोन केला की बंद. ज्यांना शेतीची वीज रात्री मिळते, त्यांना या पेटीचं मोल सांगायला नको. रात्री दोन वाजता उसातून बॅटरी मारत पंचगंगेच्या काठावर जाण्याचं काम वाचतं.

"मामू, हे मराठीत नीट लिहून द्या. शेतकऱ्याला कळलं पाहिजे," ती म्हणाली. (आमच्या घरात दखनी बोलतात, इथे मराठीत लिहितोय.) कागदावर पेटी बसवण्याच्या सूचना होत्या. त्यातली एक अशी : सेन्सरची वायर मोटरच्या केबलबरोबर एकाच पाइपात घालू नका.

मी उर्दू आणि मराठी शिकवणारा माणूस. बीएडला एक गोष्ट पक्की शिकलो : जे आपल्याला कळलं नाही ते दुसऱ्याला शिकवायला जाऊ नये. म्हणून विचारलं, "का घालू नये? दोन्हींवर रबर आहे. एकीतला करंट दुसरीत कसा जाईल?"

ती गप्प बसली. मग तिने जे सांगितलं ते ऐकून माझ्या हातातला पेन तसाच राहिला.

त्या पेटीचा पहिला नमुना काही शेतांवर बसवला होता. एका शेतकऱ्याने फोनवरून मोटर बंद केली आणि त्याचा गडी फुटव्हॉल्व्हचा कचरा काढायला पाण्यात उतरला. मोटर आपोआप चालू झाली. गड्याने हात वेळेवर काढला, म्हणून वाचला. अल्लाहचे आभार. पण भाचीला त्यानंतर आठ दिवस झोप नव्हती. सर्किट तिने आखलेलं होतं.

कारखान्यात सगळे म्हणाले, प्रोग्राममध्ये चूक असणार. तिने प्रोग्राम दहा वेळा वाचला. टेबलावर बल्ब जोडून पेटी शंभर वेळा चालू-बंद केली. एकदाही चुकली नाही. शेतात मोटरवर मात्र पाच-दहा वेळांत एकदा चुकायची. "बल्ब आणि मोटर यांत फरक काय, हे मी आधी विचारायला हवं होतं," ती म्हणाली.

फरक हा, की मोटरला वीज देणाऱ्या काँटॅक्टरच्या आत तारेचं वेटोळं असतं. वेटोळ्यातून वाहणारा प्रवाह एकदम थांबायला तयार नसतो. स्विच तोडला तरी तो पुढे जायला बघतो, आणि त्या ओढाताणीत क्षणभर शेकडो व्होल्टचा झटका तयार होतो. संपर्क सुटताना ठिणगी पडते. १८८७ साली जर्मनीत हाइनरिश हर्ट्‌झने रेडिओलहरी पहिल्यांदा निर्माण केल्या, त्या ठिणगीतूनच. म्हणजे आपल्या पंपाच्या पेटीतली प्रत्येक ठिणगी हे एक बिनपरवान्याचं रेडिओ स्टेशन आहे. आणि जवळून गेलेली सेन्सरची लांब वायर ही त्याची एरियल.

पेटीतली चिप तीन-सव्वातीन व्होल्टवर चालते. तिला शून्य आणि एक एवढी दोनच अक्षरं येतात. मी वर्गात उर्दूची मुळाक्षरं शिकवताना फळ्यावर दोन शब्द लिहितो : जुदा आणि ख़ुदा. आकार तोच. नुक्ता पोटात असला तर जीम, डोक्यावर गेला तर ख़े. एका ठिपक्याने वेगळेपणाचा परमेश्वर होतो. चिपचं तसंच. बाहेरून एक ठिपका उडून पडला की तिचं वाचन बदलतं, नाहीतर ती गोंधळून बंद पडते आणि पहिल्यापासून सुरू होते.

इथे खरी गोम होती. लाइट जाऊन आली की मोटर आपोआप चालू व्हावी, ही सोय शेतकऱ्यांना हवी असते. त्याला ते 'ऑटो' म्हणतात. मोटर बंद करताना ठिणगी पडायची, चिप दचकून पुन्हा सुरू व्हायची. तिला वाटायचं लाइट गेली होती, आता आली. 'मोटर बंद' ही नोंद व्हायच्या आतच ती दचकलेली असायची, म्हणून शेवटची नोंद 'चालू' अशीच सापडायची. मग ती इमानदारीने मोटर चालू करायची. प्रोग्राम बरोबर होता, वायरिंगही बरोबर होतं. चूक दोघांच्या मधल्या हवेत होती.

कॉलेजात हा विषय शेवटच्या प्रकरणात होता आणि परीक्षेला पर्यायी, असं तिने सांगितलं. मास्तर म्हणून मला ते लागलं. आपणही शेवटची प्रकरणं कशी उरकतो, मला माहीत आहे.

ती हे शिकली कशी? अब्बांच्या रेडिओवर. अब्बा म्हणजे तिचे नाना. त्यांचा छोटा ट्रान्झिस्टर वर्षानुवर्षे सांगली आकाशवाणीवर लावलेला. काही दिवस त्यांची तक्रार होती की रेडिओ बिघडला, नुसता खरखरतो. आम्ही म्हणत होतो, अब्बा, आता जुना झाला, टाकून द्या. भाचीने विचारलं, "नाना, कोल्हापूरचं एफएम साफ लागतं का?" लागत होतं. "मग रेडिओ चांगला आहे." मीडियम वेव्हवर आवाज लहरीच्या उंचीवर लिहिलेला असतो आणि विजेची घाण नेमकी उंचीच बिघडवते. एफएमवर तो लहरींच्या कमी-जास्त होणाऱ्या वारंवारतेत असतो, म्हणून पुष्कळसा वाचतो.

मग ती रेडिओ हातात धरून घरभर फिरली. स्वयंपाकघरातल्या एलईडी बल्बजवळ खरखरीचा आरडाओरडा झाला. बल्ब काढला, सांगली साफ. त्या स्वस्त बल्बच्या टोपीत एक इवलासा स्विच सेकंदाला हजारो वेळा उघड-मीट करतो. ती घाण बाहेर जाऊ नये म्हणून जी जाळी लागते, तिचे चार-दोन रुपये कुणीतरी वाचवले होते. अब्बांची चूक नव्हती, त्यांच्या रेडिओचीही नव्हती. आम्हीच त्यांना जुने ठरवत होतो.

दुसऱ्या दिवसापासून तो रेडिओ कारखान्यात गेला. दोन स्टेशनांच्या मधल्या शांत जागी लावायचा, पेटीजवळ फिरवायचा आणि ऐकायचं. महागडी यंत्रं नसताना घाण कुठून येते हे शोधायची ही जुनी युक्ती आहे.

उपाय तिने मला कागदावर काढून दाखवले. मला कळलं तसे सांगतो. प्रवाह नुसता जात नाही, तो परत येतो. जाण्याची आणि येण्याची वाट यांच्यामध्ये जेवढं मैदान मोकळं सोडाल, तेवढी घाण बाहेर पडते आणि आतही येते. म्हणून जाणारी-येणारी वायर एकमेकींना पीळ घालून न्यायची. सर्किटच्या पट्टीवर खालचा सगळा थर तांब्याचा अखंड ठेवायचा, म्हणजे परतीची वाट थेट खालूनच मिळते. चिपच्या पायांना अगदी चिकटून एक छोटा कपॅसिटर द्यायचा. प्यायचं पाणी उशाशी ठेवतो तसा. ऐनवेळी लांबून वीज आणावी लागत नाही. काँटॅक्टरच्या वेटोळ्याला रेझिस्टर आणि कपॅसिटरची जोडी लावायची, म्हणजे तो शेकडो व्होल्टचा झटका तिथल्या तिथे जिरतो. वायर पेटीत शिरते तिथेच तिला गाळणी लावायची, चोर अंगणात येईपर्यंत थांबायचं नाही. आणि प्रोग्राममध्ये 'बंद' ही नोंद आधी, काँटॅक्टर सोडणं नंतर. शिवाय मोटर आपोआप चालू होण्याआधी भोंगा वाजला पाहिजे.

हे ऐकताना मला खोडद आठवलं. नारायणगावाजवळच्या या गावी जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. फेब्रुवारीत राष्ट्रीय विज्ञान दिनाला ती लोकांसाठी खुली असते. एकदा शाळेची मुलं घेऊन गेलो होतो. तिथे मोबाइल बंद करायला सांगितले तेव्हा आमची मुलं नाराज झाली, मलाही तो सरकारी खाक्या वाटला. आता कळतं. ताऱ्यांकडून येणारे संकेत इतके क्षीण असतात, की चंद्रावर एखादा मोबाइल चालू ठेवला तर या दुर्बिणीला तो आकाशातल्या ठळक रेडिओस्रोतांपैकी एक दिसेल. विजेच्या तारांवर पडणाऱ्या ठिणग्यांचाही तिथल्या शास्त्रज्ञांना त्रास होतो. आमच्या अब्बांची तक्रार आणि त्यांची तक्रार एकच.

पुढे पेटी पुण्याला एका प्रयोगशाळेत तपासणीसाठी गेली. भिंतींना लहरी शोषणारे टोकदार सुळके लावलेली खोली, आत आपली पेटी एकटी. तपासणीचे दोन भाग असतात. पहिला : तुमची वस्तू इतरांना किती त्रास देते. दुसरा : इतरांचा त्रास ती किती सोसते. पहिल्या खेपेला पेटी सोसण्यात पास झाली आणि त्रास देण्यात थोडक्यात नापास. वीज आणणारी केबलच एरियल झाली होती. गाळणी बदलली, दुसऱ्या खेपेला पास.

हे दोन भाग माझ्या डोक्यातून जात नाहीत. रेडिओ ऐकणाऱ्यांचं रक्षण व्हावं म्हणून याच कामासाठी १९३४ साली पॅरिसमध्ये एक आंतरराष्ट्रीय समिती बसली. वस्तूंना त्यांनी दोन्ही बाजूंनी बांधून घेतलं. माणसांमध्ये आपण एकच बाजू धरतो. मिरवणुकीचा डीजे आम्हाला टोचतो, पण आमच्या जलशाचा भोंगा कुणाच्या आजारी आईच्या उशाशी जातो का, हे आम्ही किती वेळा तपासलं? समोरच्यांनीही तेच विचारावं. सोसणं आणि न छळणं, दोन्ही विषयांत पास व्हायचं असतं.

माझ्या बहिणीचं म्हणणं होतं की पोरीने ही नोकरी सोडावी. "बाप नाही डोक्यावर. उद्या कुणी मेलं असतं तर? मामूसारखं बीएड कर, शाळेत जा." मीही आतून तिच्याच बाजूला होतो, हे कबूल करतो. पण ज्या मुलीने चूक दुसऱ्याच्या माथी न मारता आठवडाभर नदीकाठच्या खोपीत बसून तिचा माग काढला, तिला फळ्याकडे कशाला वळवायचं? बहिणीला मी एवढंच म्हणालो, "आपा, पहिल्या पेट्या हिनेच परत मागवून घेतल्या. राहू दे तिला." आपा काही बोलली नाही. अजूनही पूर्ण राजी नाही.

सूचनापत्रक मी लिहून दिलं. वायरची सूचना अशी झाली : 'सेन्सरची वायर मोटरच्या केबलपासून हातभर लांब ठेवा. जवळ आल्यास मोटर आपोआप चालू होऊ शकते.' का, ते लिहिलं की शेतकरी ऐकतो. आणि सगळ्यांत वर, मोठ्या अक्षरांत, भाचीने स्वतः सांगितलेली ओळ : 'पाण्यात उतरण्याआधी मेन स्विच हाताने पाडा. या पेटीवर विसंबू नका.'

मालकाला ती ओळ आवडली नव्हती. आपल्याच मालावर विसंबू नका असं कोण छापतं? ती ओळ निघाली तर माझंही नाव काढा, असं ती म्हणाली. ओळ राहिली.

अब्बांच्या स्वयंपाकघरात आता दुसरा बल्ब आहे. रेडिओ अजून कारखान्यातच आहे. अब्बा रोज विचारतात, कधी परत येणार.