मुक्या अक्षराचं गोत्र

पाळी बदलून मागायच्या अर्जात मी 'नाइट' हा शब्द एन, आय, टी, ई असा लिहिला. क्लार्कनं तो चार जणांना दाखवला. "जी अन् एच खाल्लास काय रे?" मी म्हणलं, साहेब, ती ऐकूच येत नाहीत. सगळे हसले.

मित्रांनो, त्या हसण्यापायी मी महिनाभर वाचनालयात बसलो. 'नाइट'मधला जीएच एके काळी इंग्रज खरंच उच्चारत, घशातून, खरखरत. आवाज मेला, अक्षरं राहिली. हे समजू शकतो. पण 'डेट', म्हणजे कर्ज, त्यातला बी? तो इंग्रजांनी कधी उच्चारलाच नाही. पूर्वी ते बीशिवायच लिहीत. पुढं तिथल्या पंडितांनी तो घुसवला. कशाला? तर शब्दाचं मूळ लॅटिन 'डेबिटम' आहे, हे दिसावं म्हणून. जानवंच की हे! 'आयलंड'मधला एस तर खोट्या वंशावळीचा. लॅटिन 'इन्सुला'शी त्या शब्दाचं नातं नाही, तरी चिकटवला.

हे सोपं करू बघणारेही निघाले. १९०६ साली अमेरिकेत मंडळ झालं. प्रमुख ब्रँडर मॅथ्यूज, कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक. पैसा पोलादवाल्या कार्नेगीचा. तीनशे शब्दांची यादी केली. 'थ्रू'मधलं ओयूजीएच काढून नुसता यू ठेवला. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनं सरकारी छापखान्याला हुकूम दिला. पेपरवाल्यांनी टिंगल केली, अन् डिसेंबरात तिथल्या प्रतिनिधीगृहानं ठराव करून हुकूम हाणून पाडला. याच कार्नेगीच्या होमस्टेडच्या कारखान्यात १८९२ साली मजुरी कापू नका म्हणणारे कामगार गोळ्यांनी मेले, युनियन मोडली. वरून आलेल्या सुधारणेचा भरवसा किती धरायचा?

त्याच कोलंबियात १९१३ साली बाबासाहेब गेले. इंग्रजी सोपी व्हायची वाट त्यांनी बघितली नाही. ती पुरती ताब्यात घेतली, अन् तिच्यातच १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' लिहिलं.

मीही आता अर्जात जीएच घालतो. नाही घातला तर अर्ज टेबलावरच राहतो. पण शरमेनं घालत नाही. आपल्या अभ्यासवर्गात कुणी ऐकू येतं तसं लिहिलं तर हसू नका. त्याचा कान बरोबर आहे. स्पेलिंग शिकवा, नोकरीला लागतं ते. अन् ते मुकं अक्षर कुणी, कशासाठी घातलं, हेही त्याच बैठकीत सांगा.

जय भीम.