जनान्यासाठी कॅमेरा

आमच्या खालाच्या मुलीच्या निकाहाचा अल्बम घरी आला तेव्हा त्यात शंभरावर फोटो पुरुषांचे होते आणि नवरीचे चार. त्यातल्या दोनांत तिची पाठ दिसत होती. फोटोग्राफर पुरुष, त्यामुळे बायकांनी त्याला आत येऊ दिले नव्हते. आत मोबाईलवर जे काढले गेले ते पिवळे आणि हललेले. खालाने अल्बम मिटून पलंगावर ठेवला आणि आमच्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही दोघी एवढ्या शिकलात, मग तुम्हीच का नाही काढत?"

आम्ही दोघी बहिणी वसमतच्या. एक शिकवण्या घेते, दुसरी घरी शिवणकाम करते. अब्बा मोंढ्यात मुनीम आहेत. घरात आम्ही दख्खनी बोलतो, हिशेब मात्र मराठीत मांडतो, कारण अब्बांची वही मराठीत आहे. २०१९ च्या शाबानमध्ये त्याच वहीत आम्ही कॅमेऱ्यासाठी नवे पान उघडले. भिशीचे अठरा हजार, शिवणकामातून साठलेले सात हजार आणि अम्मीने बोकड विकून आलेल्या पैशांतले पाच हजार, असे एकूण तीस हजार. शव्वालमध्ये लग्ने निघतात, म्हणजे हात बसवायला रमजानचा महिना मिळणार होता.

अम्मीला एक शंका होती. तसवीर काढणे कितपत योग्य, यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत, हे आम्हालाही ठाऊक होते. घरात दोन दिवस चर्चा झाली. शेवटी अब्बांनी विचारले, "पासपोर्टला फोटो लागतो, आधारला लागतो. तो परक्या माणसाने काढलेला चालतो, मग मुलीने मुलीचा काढलेला का चालू नये?" अम्मीने होकार दिला, पण अट घातली: कुणाच्या घरातल्या बाईचा फोटो तिच्या परवानगीशिवाय घराबाहेर जाता कामा नये. ही अट पुढे कॅमेऱ्यापेक्षाही अवघड ठरली.

आम्ही काही नवे करत होतो असेही नाही. वसमत, हिंगोली हा सगळा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये हैदराबादेत खास स्त्रियांसाठी जनाना स्टुडिओ उघडला होता. पडद्यातल्या बायकांचे फोटो तिथे केनी-लेव्हिक नावाच्या एक इंग्रज बाई काढत. सव्वाशे वर्षांपूर्वी नवाबांच्या घरांना जी सोय होती, ती आमच्या मोहल्ल्याला अजून नव्हती.

मोबाईल असताना कॅमेरा कशाला, असे शेजारपाजारी विचारत. मोबाईलचा सेन्सर नखाएवढाही नसतो, तर साध्या डीएसएलआरचा सुमारे बावीस मिलिमीटर रुंद असतो. अंधाऱ्या खोलीत जो थोडाफार उजेड असतो, तो गोळा करायला तेवढी जागा लागते. शिवाय डीएसएलआरमध्ये लेन्समागे आरसा असतो. त्यातून खरे दृश्यच डोळ्यापर्यंत येते, त्यामुळे नवरीने पापणी उचलली की लगेच कळते. मोंढ्यातले एक काका आम्हाला ठासून सांगत, की कॅमेरा हा शब्द अरबी 'कमरा'वरून आला. ऐकायला बरे वाटते, पण तो लॅटिनमधला, खोली या अर्थाचा शब्द आहे. आपल्याला अभिमानच हवा असेल तर त्यासाठी बसऱ्याचे इब्न अल-हैसम पुरेसे आहेत. बारीक छिद्रातून अंधाऱ्या जागेत प्रकाश कसा येतो, याचा त्यांनी हजार वर्षांपूर्वी कसून अभ्यास केला.

नांदेडच्या पहिल्या दुकानात आम्हाला कॅमेऱ्याआधी हप्ते दाखवण्यात आले. शून्य टक्के व्याज. आम्हाला सूद नको आहे असे म्हणताच दुकानदार हसला, "ताई, व्याज नाहीच ना यात!" मग रोखीचा भाव विचारला तर तो बाराशेने कमी निघाला, आणि हप्त्यावर प्रक्रिया शुल्क वेगळे. रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच सांगितले होते, की शून्य टक्के व्याज असे काही नसतेच. ते दुसऱ्या कुठल्या तरी नावाने वसूल होते. अब्बांना ही गोष्ट बँकेने सांगण्याची गरज नव्हती. ते वही मिटून दुकानाच्या पायऱ्या उतरले.

मॉडेलांचा गोंधळ मोठा होता. निकॉनचा डी ३५०० मोठीला फार आवडला. एकदा चार्ज केल्यावर सुमारे दीड हजार फोटो निघतात, तर कॅननच्या १५०० डीवर पाचशे. आमच्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नाही, त्यामुळे हा फरक लहान नव्हता. पण त्या निकॉनच्या अंगात फोकसची मोटर नसते. जुन्या, स्वस्त लेन्स त्यावर बसतात, फोकस मात्र हाताने फिरवून करावा लागतो. मोटरवाल्या लेन्स महाग. कॅननची ५० मिलिमीटर, १.८ ची लेन्स त्या मानाने स्वस्तात मिळते. कॅननचाच ३००० डी सगळ्यांत स्वस्त होता, पण लेन्स जिथे बसते ती कडी प्लास्टिकची आणि स्क्रीन लहान. रोज लेन्स काढणारे-लावणारे आम्ही होणार होतो, तेव्हा प्लास्टिकवर मन बसेना. जानेवारीपासून कॅमेऱ्यावरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला होता, तरीही नवा १५०० डी लेन्ससकट घेतला तर तीस हजारांतले जेमतेम पान-सुपारीचे पैसे उरत होते.

आणि नुसता कॅमेरा पुरत नाही. हे आम्हाला कॅमेऱ्याने नव्हे, घराने शिकवले. आमच्या ओळखीतल्या निम्म्या घरांवर पत्रे आहेत. फ्लॅशचा उजेड पांढऱ्या स्लॅबवर मारला की तो मऊ होऊन चेहऱ्यावर उतरतो. काळपट पत्र्यावर मारला तर तिथेच विरतो. गुलाबी शामियान्याखाली सगळ्या बायका गुलाबी दिसतात. ५० ची लेन्स कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या लेन्सपेक्षा त्याच अंतरावर सुमारे दहापट उजेड घेते, हे खरे, पण या लहान सेन्सरवर ती ऐंशी मिलिमीटरसारखी वागते. दहा बाय बाराच्या खोलीत वीस बायका बसल्या असतील, तर पाठ भिंतीला टेकवूनही त्यातल्या चारच मावतात. दुकानात मोठीने ती लेन्स लावून धाकटीचा फोटो काढला तेव्हा ती मागे सरकत सरकत काउंटरला धडकली. म्हणून ठरवले: आधी साधी १८-५५ लेन्स आणि चांगला फ्लॅश, ५० ची नंतर. फ्लॅशचीही एक मेख आहे. कॅननच्या काही नव्या स्वस्त मॉडेलांत फ्लॅशच्या खाचेतली मधली पिनच नसते, आणि दुसऱ्या कंपन्यांचे साधे फ्लॅश त्यावर पेटत नाहीत. फ्लॅश घेताना कॅमेऱ्यावर बसवून, पेटवून बघावा, एवढे आम्ही आता सगळ्यांना सांगतो.

असा हिशेब करत आम्ही जुन्या कॅमेऱ्याकडे वळलो. नांदेडचा एक फोटोग्राफर मोठा कॅमेरा घेणार होता आणि त्याला आपला १३०० डी, लेन्ससकट, सोळा हजार पाचशेला द्यायचा होता. १८ मेगापिक्सेल, धातूची कडी, फ्लॅशची पिन जागेवर. अब्बा मोंढ्यात हळदीची ढेरी बघतात तसा त्यांनी तो फिरवून फिरवून बघितला. कॅमेऱ्याचे शटर ठरावीक वेळाच उघडझाप करते. निकॉनमध्ये तो आकडा फोटोच्या माहितीतच सापडतो, कॅननमध्ये सापडत नाही. मग पकडीचे रबर किती झिजले, बटणांवरची अक्षरे किती पुसली, यावरून अंदाज. आम्ही लेन्स उजेडासमोर धरून आत बुरशीचे जाळे आहे का बघितले. छिद्र अगदी लहान करून निरभ्र आभाळाचा फोटो काढला. सेन्सरवर धूळ असेल तर तिथे काळे ठिपके दिसतात. दोन दिसले. बिल आणि खोके दोन्ही होते. अब्बांनी पाचशे कमी करायला सांगितले, तो तयार झाला नाही. त्याऐवजी त्याने एक कार्ड आणि पट्टा फुकट दिला.

ते कार्ड घरी येऊन लावले, आणि स्क्रीनवर एक नवरी आली.

कुणाचे लग्न, कुठले, आम्हाला आजही माहीत नाही. नवरी आरशासमोर बसली होती, केस मोकळे, आजूबाजूला मैत्रिणी. कुणीतरी विश्वासाने काढू दिलेले फोटो, आणि ते आम्हाला पट्ट्यासोबत फुकट मिळाले होते. धाकटीने लगेच कॅमेरा बंद केला. अम्मीने काय झाले विचारले तर आमच्या तोंडून शब्द निघेना. त्या फोटोग्राफरला फोन केला. तो म्हणाला, "पुसून टाका की!" त्याच्या मनात काही वाईट नव्हते, त्याला ती गोष्ट एवढी मोठी वाटलीच नव्हती, आणि आम्हाला राग आला तो याचाच.

पुसून टाकणेही वाटते तितके सोपे नाही. कॅमेऱ्यात फोटो पुसला की यादीतून त्याचे नाव जाते, पण वरून नवे फोटो भरेपर्यंत जुना मजकूर कार्डावर तसाच पडून राहतो आणि साध्या सॉफ्टवेअरने परत काढता येतो. १३०० डीच्या मेन्यूत फॉरमॅट करताना 'लो लेव्हल' असा पर्याय आहे. त्यावर खूण केली की कार्ड पूर्ण कोरे होते. आम्ही ते तसे केले, आणि तरीही नंतर अब्बांनी कात्रीने त्याचे दोन तुकडे केले. तीनचारशे रुपयांची वस्तू. अब्बा पेनाचे रिफिलसुद्धा संपेपर्यंत वापरतात.

त्या रात्री आम्ही आमचे नियम वहीत लिहिले. कार्ड कुणाला द्यायचे नाही, विकायचे नाही. फोटो मोबाईलवर घ्यायचे नाहीत, आपल्या घरातल्यांनाही दाखवायचे नाहीत. काम झाले की नवरीच्या आईसमोर पेनड्राइव्हवर उतरवायचे आणि तिच्यासमोरच कार्ड कोरे करायचे. कुठले फोटो छापायला लॅबमध्ये द्यायचे ते तिनेच निवडायचे, कारण लॅबमध्ये ते परके पुरुषच बघणार. रीळच्या जमान्यात तर सगळीच निगेटिव्ह धुवायला बाहेर जायची. तेव्हा कुणी निवड विचारतही नव्हते.

पहिले लग्न औंढा तालुक्यातल्या एका खेड्यात, ईदनंतर नऊ दिवसांनी. पत्र्याचे घर, दुपारचे ऊन, आत पंखा बंद. फ्लॅशचा उजेड टाकायला छत नव्हते, तेव्हा धाकटीने पांढरा दुपट्टा दोन हातांनी उंच धरला आणि मोठीने त्यावर फ्लॅश मारला. दीड तास तिचे हात वर होते. नवरीची दादी सुरुवातीला पदर ओढून कोपऱ्यात बसली होती. आम्ही तिच्याकडे कॅमेरा वळवला नाही. रुखसतीच्या थोडे आधी तिने नातीला जवळ ओढले आणि आमच्याकडे बघून मान हलवली. तीन फोटो काढले. पहिल्या दोनांत फोकस मागच्या खुंटीवर गेला होता.

दुसऱ्या दिवशी नवरीच्या आईने चारशेपैकी बासष्ट फोटो छापायला निवडले. दादीचा फोटो त्यात घेतला नाही. तो पेनड्राइव्हवर राहिला. कार्ड कोरे होताना ती स्क्रीनवरची पट्टी सरकताना बघत राहिली, संपल्यावर पुन्हा एकदा कॅमेरा मागून घेतला आणि आत काही नाही याची खात्री केली. पैसे किती, असे तिने विचारले तेव्हा लक्षात आले की ते आम्ही ठरवलेच नव्हते. तिने अडीच हजार दिले.

कॅमेरा, फ्लॅश, जादा बॅटरी, दोन नवी कार्डे, सेल, बॅग आणि येण्याजाण्याचे भाडे मिळून पंचवीस हजार शंभर झाले होते. अब्बांनी समोरच्या बाजूला पहिली जमा लिहिली आणि खाली बाकी मांडली: २२,६००.