लोकरीची निवड

विणणाऱ्या बाईकडे पाहून लोक तिच्या बोटांचे कौतुक करतात. मला मात्र वाटते, निम्मे विणकाम सुईवर पहिला टाका चढण्यापूर्वीच, दुकानाच्या फळीपुढे, पार पडलेले असते.

लोकरीलाही स्वभाव असतो. मेंढीची लोकर कुरळी, म्हणून लवचीक. ताणली तरी पुन्हा आपल्या जागी येते. एक सुलटा, एक उलटा असा काठ तिच्यात मनगटाला बिलगून राहतो. तोच काठ सुती धाग्याचा केला, तर चार धुण्यांत लोंबू लागतो. अ‍ॅक्रिलिक धुवायला सोपे, खिशाला परवडणारे; पण गरम इस्त्रीपुढे मान टाकते. अनेक छटांच्या लोकरीत जाळीची वीण घालणे म्हणजे बँडशेजारी सतार वाजवणे! वेणीची वीण हवी, तर लोकर एकरंगी आणि फिकट घ्यावी. काळ्यात वेणी घातली काय आणि न घातली काय, सारखेच. शिवाय सगळे गुंडे एकाच घाण्यात रंगवलेले हवेत. नाहीतर पाठ एका निळ्याची आणि बाही दुसऱ्याच.

मग चार इंचांचा तुकडा विणून टाके मोजावेत. पुस्तकात २८ सांगितले आणि आपले २६ भरले, तर ३६ इंची स्वेटर पावणेतीन इंचांनी ऐसपैस होतो. अशा वेळी सुई एक नंबर बारीक घ्यावी.

पण या साऱ्याच्या आधी माणूस पाहावा. गेल्या वर्षी आईचा खांदा आखडला. हात वर जाईना. म्हणजे डोक्यातून घालायचा स्वेटर बाद. पुढून उघडा, मोठ्या बटणांचा हवा. लोकर चारपदरी, हलकी, खांद्याला ओझे न होणारी. राहिला रंग. आईने जन्मभर घरादारासाठी विणले. तिचा स्वतःचा स्वेटर म्हणजे इतरांच्या उरलेल्या लोकरीचे पट्टे. रंग विचारला, तर म्हणाली, “असेल तो घे गं.”

मी तिला दुकानातच घेऊन गेले. करड्या, बदामी गुंड्यांवरून तिचा हात पुढे पुढे सरकला आणि एका गर्द डाळिंबी गुंड्यावर थांबला. ती काही बोलली नाही. नुसता गुंडा दाबून पाहिला आणि दुकानदाराला विचारले, “याच घाण्यातले आठ आहेत का?”

रंग गर्द, म्हणून वीण साधीच धरली आहे. एक बाही राहिली आहे. दिवाळी सरेल, तशी थंडी पडेल.