परतीचा पाऊस

आमच्या मालवणात पाऊस कोठून येतो हे लहान मुलालाही शिकवावे लागत नाही. तो समुद्रावरून येतो. सिंधुदुर्ग किल्ल्यामागचे आभाळ काळवंडले, की दोरीवरचे कपडे आत जातात. आभाळाचा अंदाज घ्यावयाचा म्हणजे पश्चिमेकडे तोंड करावयाचे, ही सवय माझ्या मानेलाच जडली आहे. पन्नाशी उलटेपर्यंत तिने मला दगा दिला नव्हता. एका आश्विनात तिने तो दिला, आणि तोही माझ्या मुलादेखत.

मुलगा नोकरीनिमित्त स्वित्झर्लंडमध्ये असतो. तेथे त्याला एक विलक्षण छंद लागला आहे. पायांना लांब पट्ट्या बांधावयाच्या, त्यांच्या तळाला केसाळ कापड चिकटवावयाचे आणि बर्फाचा डोंगर चढत जावयाचे. केसांचा कल मागे असल्यामुळे पट्टी पुढे सरकते, मागे घसरत नाही. माथ्यावर पोहोचल्यावर ते कापड सोलून काढावयाचे आणि सकाळभर चढलेला डोंगर थोड्या वेळात घसरत उतरावयाचे. एवढ्यासाठी पहाटे तीनला उठणारा हा गृहस्थ मालवणात आठापर्यंत अंथरुणात असतो, हे जाता जाता सांगून ठेवतो. पण तेथे लवकर उठण्यास कारण असते. ऊन तापले की बर्फ सैल होतो आणि उतारच्या उतार खाली कोसळतो. म्हणून ही मंडळी निघण्यापूर्वीच परत फिरण्याची वेळ ठरवतात. माथा हाकेच्या अंतरावर असला तरी त्या वेळी माघारी वळावयाचे.

"आपणही बारा वाजता फिरायचं, बाबा," तो म्हणाला. आम्ही मनोहरगडाला निघालो होतो. १८४४-४५ च्या उठावात इंग्रजांशी झुंजणाऱ्यांनी ज्याचा आसरा घेतला, तो हा गड. उंची सुमारे २५०० फूट. त्याला ही स्विस शिस्त लावावी याचे मला हसू आले. कुडाळला माझ्या चहापायी उशीर झाला. माणगाव, दुकानवाड ओलांडून शिवापूर गाठले तेव्हा नऊ वाजून गेले होते. वाट दाखवावयास गावातील एक आजोबा आले. त्यांचे भात कापून शेतातच पडले होते, परंतु शब्द दिला होता म्हणून ते आले.

बारा वाजता आम्ही शेवटच्या चढणीखाली होतो. आजोबा थांबले. "मास्तरानु, आता खाली जावया. घाटावर काळा झाला हा."

मी सवयीने पश्चिमेकडे पाहिले. समुद्रावरचे आभाळ धुतल्या काचेसारखे होते. ते मी बोटाने दाखवले.

"तुमचो पावस दर्यावरसून येता," आजोबा शांतपणे म्हणाले, "हो घाटावरसून येतलो."

परतीच्या पावसाचे हेच आहे. वारे फिरलेले असतात. सकाळच्या उन्हाने घाटमाथा तापतो, ढग तेथे वाढत जातात आणि दुपारी सह्याद्रीची धार ओलांडून कोकणात उतरतात. खाली उभ्या असलेल्याला मधल्या डोंगरभिंतीमुळे त्यांची वाढ दिसतच नाही. एक वीज चमकली. मी मनात अंक मोजले. चोवीस सेकंदांनी गडगडाट आला. ध्वनीला किलोमीटर काटण्यास सुमारे तीन सेकंद लागतात.

"आठ किलोमीटर," मी विजयाने म्हणालो. "अर्ध्या तासात वर जाऊन येऊ."

"बाबा, ज्या विजेचा आवाज ऐकू येतो ती आपल्यावरही पडू शकते, हे मला कोणी शिकवलं?"

मीच शिकवले होते. पदार्थविज्ञानाच्या वर्गात दरवर्षी हे वाक्य मी सांगतो आणि फळ्यावर टेकडी काढून तिच्या टोकावर एक माणूसही उभा करतो. तरीही मी वाद घातला. इतके चढून आलो, आता काय राहिले, मुलगा पुन्हा कधी येणार, असे बोलत राहिलो. खरे कारण यापैकी एकही नव्हते. मुलाने ठरवलेल्या वेळी बापाने वळावे, हे मला मानवत नव्हते. यात पंचवीस मिनिटे गेली. आजोबा काही बोलले नाहीत. फक्त एकदा त्यांनी खाली, जेथे त्यांचे शेत असावे तिकडे पाहिले. ते पाहणे मुलाच्या ध्यानात आले, माझ्या नाही. तो मुकाट्याने उतरू लागला, तेव्हा मलाही उतरावे लागले.

रानात शिरलो तोवर अंतर पंधरा सेकंदांवर आले होते, मग सहावर. दोनवर आल्यावर मी मोजणे सोडले. पायवाटेचा ओहोळ झाला. मी दोनदा घसरून बसलो, आणि माझ्या पट्ट्यांना केसाळ कापड नव्हते. शेताशी पोहोचलो तेव्हा आजोबांच्या घरची माणसे भारे उचलून मांगरात नेत होती. आम्ही तिघेही धावलो. निम्मे भात आधीच भिजले होते. पंचवीस मिनिटांत किती भारे आत गेले असते, याचा हिशेब करणे मला कठीण नव्हते. निघताना मी पैसे पुढे केले. आजोबांनी ठरलेले तेवढे वेगळे काढून उरलेले परत दिले.

मालवणात थेंबही पडला नव्हता. रात्री पानावर बसल्यावर सौभाग्यवतींनी गडाविषयी विचारले.

"वर गेलो नाही," मुलगा म्हणाला. "हवा बिघडली. बाबांनीच परत फिरायचं ठरवलं."

मी त्याच्याकडे पाहिले. तो खाली मान घालून माशाचे काटे काढीत होता. मी आणखी थोडा भात मागितला.